शुभ्राची अडतिसावी पूजा

'पार्किंगमध्ये कोणीही आपले कपडे धुण्याचे यंत्र उघडून बसू नये. आदेशावरून.'

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर ही सूचना लागली तेव्हा अख्ख्या इमारतीत कपडे धुण्याचं यंत्र उघडून बसलेला माणूस एकच होता. तो मी. तरी सूचनेत 'कोणीही' असं लिहिलं होतं. नारायण पेठेत याला सभ्यता म्हणतात. सूचना लिहिणाऱ्या सुशीलाबाई, म्हणजे आमच्या सेक्रेटरी, माझ्यापासून चार हातांवर उभ्या राहून ती फळ्याला टाचत होत्या. तोंडाने सांगितलं असतं तर मला ऐकू आलं असतं. पण तोंडी सूचनेला जावक क्रमांक देता येत नाही, आणि सुशीलाबाई तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या.

तर यंत्राचं नाव शुभ्रा डिलक्स. दोन पोटांची मशीन. एका पोटात कपडे धुवायचे आणि दुसऱ्यात टाकून पिळायचे. चिंचवडच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली तो केव्हाच बंद पडला, आणि अकरा वर्षांपूर्वी आमची शुभ्राही. एके दिवशी बटण फिरवलं तर नुसती बसून राहिली. मी 'बघतो' म्हणालो. मी 'बघतो' म्हटलं की आमच्या घरात तो विषय कायमचा मिटतो, असं माझ्या पत्नीचं, हेमाचं, मत आहे. तेव्हापासून शुभ्रा गॅलरीत उभी आणि तिच्या डोक्यावर कोरफडीची कुंडी. दर दसऱ्याला मात्र मी कुंडी उतरवून, पत्रा पुसून तिची यथासांग पूजा करत आलो. स्वस्तिक, हळदकुंकू, मूठभर अक्षता, झेंडूचा हार. बंद पडलेल्याची पूजा करू नये असा नियम असता, तर निवृत्त माणसाला वाढदिवसाला कोणी ओवाळलं नसतं.

आमची मुलगी तनया बाणेरला राहते आणि तिथून आमचं भलं करते. जुलैत तिचा फोन आला. "बाबा, दसऱ्याला नवी मशीन येतेय. फुल्ली ऑटोमॅटिक. एक्सचेंजमध्ये तो डबा देऊन टाका." मी दुकानात फोन लावून विचारलं, आमची मशीन तपासायला माणूस कधी येणार? पलीकडचा म्हणाला, "तपासायचंय काय काका? चालू असो, बंद असो, पत्रा असला म्हणजे झालं."

हे वाक्य मला लागलं. का लागलं ते उगाळत बसत नाही. पण चार वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, आणि माझ्याबद्दलही घरात तेव्हापासून साधारण असाच सूर आहे. त्याच संध्याकाळी मी जाहीर करून टाकलं, "शुभ्रा दसऱ्याच्या आत चालू होणार. चालू मशीन कोणी एक्सचेंजमध्ये देत नाही." हेमा गवार निवडत होती. "बरं," म्हणाली. तिच्या ओरडण्याला मी भीत नाही, पण या 'बरं'ला भितो.

माहिती शोधता शोधता मला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सापडला. 'जुनी धुलाई यंत्रे, पुणे'. जुन्या वॉशिंग मशिनी जमवणारे, दुरुस्त करणारे लोक. सदस्य सात. त्यांतले दोघं भांडून बोलायचे थांबलेले आणि एक जण चुकून आलेला; त्याला लाँड्रीवाला हवा होता. अ‍ॅडमिन अभय, टेलिफोन खात्यातून निवृत्त, मुक्काम कर्वेनगर. ह्या गृहस्थाच्या दोन खोल्यांत अकरा मशिनी आहेत. दोन मशिनींवर प्लायवूड टाकून त्यावर नवराबायको जेवतात. ग्रुपचे नियम त्याने वर लटकवले होते: सुप्रभात नको, आवाजी निरोप नकोत, आणि ज्याची मशीन प्रत्यक्ष फिरते तोच सदस्य. बाकीचे 'उमेदवार'. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी पुन्हा उमेदवार झालो.

मी शुभ्राचा फोटो टाकला. अभयचं उत्तर आलं, "कुंडी काढून फोटो काढावा." मी कुंडी काढून काढला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पुण्यात अशी दुसरी फक्त माझ्याकडे आहे. आपली सुटे भाग म्हणून देणार असल्यास कळवावे." म्हणजे हाही पत्र्याचंच गिऱ्हाईक! मी कळवलं, "देणार नाही." इतक्या गोडीने आमची मैत्री सुरू झाली.

पण त्याच फोटोखाली उत्कर्षा नावाच्या मुलीचा निरोप होता. "काका, ही शुभ्रा डिलक्स ना? माझे आजोबा त्या फॅक्टरीत होते!!" हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, मूळ गाव नांदेडकडचं, आणि छंद म्हणून शनिवार-रविवारी जुनी यंत्रं खोलते. रविवारी ती पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन घरी आली. बॅगेत लॅपटॉप नव्हता, पाने आणि पक्कड होती. शुभ्राभोवती एक चक्कर मारून ती खाली बसली आणि म्हणाली, "काका, एक बोलू? आजोबांनी बावीस वर्षं हीच मशीन बनवली. पण तिथं शेवटी दहा सेकंद कोरडी फिरवून बघायचे आणि पॅक. पाणी भरून, कपडे टाकून चाललेली त्यांनी एकदाही पाहिली नाहीये. तेव्हा घरी परवडली नाही, आणि नंतर फॅक्टरीच गेली. आता दसऱ्यानंतर आजी-आजोबा कायमचे गावी चाललेत. इफ पॉसिबल, त्यांना एकदा दाखवायची होती."

माझा स्वभाव भावनेच्या भरात वाहून जाण्याचा नाही. मी फक्त चष्मा पुसला आणि ग्रुपवर लिहून टाकलं: "दसऱ्यास सकाळी दहा वाजता शुभ्रा डिलक्स कपडे धुऊन दाखवील. कु. उत्कर्षाचे आजोबा श्री. नागोराव यांनी सपत्नीक उपस्थित राहावे." लेखी दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांकडून लेखी घेत आलो होतो, त्यामुळे स्वतः देताना काय होतं ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तीन महिने मी रोज उठून आधी कॅलेंडरवर दसऱ्यापर्यंतचे दिवस मोजत होतो.

गॅलरीत मशीन उघडायला जागा नव्हती, म्हणून ती तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगमध्ये न्यायचं ठरलं. लिफ्टमध्ये मी, उत्कर्षा आणि शुभ्रा. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि सुशीलाबाई आत शिरल्या. लग्नाला निघाल्या होत्या, नारळी काठाची पैठणी. शुभ्राच्या मागची नळी त्याच वेळी खाली पडावी हा योग म्हणायचा. अकरा पावसाळ्यांत गॅलरीत जेवढं पाणी तिच्या पोटात गेलं होतं, त्यातलं उरलंसुरलं, कोरफडीच्या मातीसकट, पैठणीच्या काठावर आलं. मी म्हणालो, "पावसाचंच आहे, शुद्ध असतं." हे मी म्हणायला नको होतं. फळ्यावरची ती सूचना त्याच संध्याकाळची.

सूचनेवर मी अर्ज केला. अर्जावर त्यांनी तीन शंका काढल्या: वीज कोणाच्या मीटरची, सांडपाणी कोठे, आणि 'यंत्र' म्हणजे नक्की काय. मी खुलासा जोडला. खुलाशाची प्रत नव्हती म्हणून तो परत आला. मनातल्या मनात मी त्यांना मानलं. माझ्या काळात मीही हेच केलं असतं. शेवटी परवानगी आली, 'दसऱ्याच्या दुपारी बारापर्यंत, त्यानंतर यंत्र पार्किंगमध्ये आढळल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही'.

मशीन उघडल्यावर इमारतीला माझी आठवण झाली. वर्षानुवर्षं जिन्यात मान वळवून जाणारी माणसं खुर्च्या घेऊन खाली यायला लागली. कोणी म्हणे मोटार गेली, कोणी म्हणे उंदराने वायर खाल्ली, एकाने विचारलं, "प्लग लावला होता का?" अकरा वर्षांत हा प्रश्न मला प्रथमच कोणी विचारला होता, आणि उत्तर देताना मला स्वतःचीच खात्री वाटेना. मोटार नव्याने गुंडाळून आणली. शुभ्रा ढिम्म. कपॅसिटर बदलला. ढिम्म. "काका, इश्यू आणखी वरती आहे," उत्कर्षा म्हणाली. मी वर बघितलं. वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत सुशीलाबाई होत्या.

पट्टा तर उघडताक्षणीच तुकडे होऊन पडला होता. तो आणायला मी मंडईजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "कुठल्या सालची?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मग अठ्ठ्याऐंशी साली यायचं."

मी मंडईतून दोन किलो टोमॅटो घेऊन परत आलो. जिन्यात सुशीलाबाईंनी विचारलं, "पट्टा मिळाला?" मी टोमॅटो दाखवले. त्या आत गेल्या आणि त्यांच्या घरघंटीचा जादा पट्टा घेऊन आल्या. अगदी मापात बसला! सोबत चिठ्ठी होती, 'परत करण्याच्या अटीवर'. त्या दिवशी मला प्रथमच वाटलं, पैठणीचा काठ स्वच्छ निघाला असावा.

दसऱ्याला चार दिवस उरले तेव्हा अभय स्वतः मीटर घेऊन आला. उंच, बारीक, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि चेहऱ्यावर सतत कोणीतरी चुकल्याचा भाव. तासभर त्याने एकेक वायर तपासली आणि निकाल दिला, "टायमर. करंट टायमरच्या पुढे जात नाही."

टायमर म्हणजे बटणामागची मुठीएवढी डबी. चावीच्या घड्याळासारखी, आणि पत्र्याचे चार कान दुमडून कारखान्यातच बंद केलेली. उत्कर्षा पक्कड घेऊन पुढे झाली तसा अभय ओरडला, "खबरदार! मूळ कान आहेत ते. सदतीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही. एकदा वाकवले की यंत्र संग्राह्य राहत नाही." आणि सांगायला लाज वाटते, मीही मान डोलावली. तीन महिन्यांत मी इतका पक्का संग्राहक झालो होतो, की मशीन चालली नाही तरी चालेल, पण कान शाबूत राहिले पाहिजेत!

"मग दुसरा टायमर?" उत्कर्षाने विचारलं.

"पुण्यात एकच आहे," अभय म्हणाला. "माझ्या शुभ्रात." एवढं बोलून त्याने मीटर गुंडाळला आणि चहा न घेता निघून गेला. ग्रुपवर मी दोनदा हात जोडले. त्याने पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

ते चार दिवस कसे गेले ते मलाच माहीत. जेवण गोड लागेना. उत्कर्षाला फोन करून सांगावं, की आजोबांना आणू नकोस, तर फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. त्या म्हाताऱ्याला काय सांगणार? तुमची बावीस वर्षं आमच्या पार्किंगमध्ये पत्रा होऊन पडली आहेत? आदल्या दिवशी हेमा झेंडूचे हार ओवत होती. नेहमी दारांना आणि वाहनांना पाच लागतात. मी मोजले, सहा होते. "हा कोणाला?" मी विचारलं. "विचारू नका," ती म्हणाली.

दसऱ्याला सकाळी साडेनऊ वाजता पार्किंगच्या फाटकात अभय उभा. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं. "काढला," एवढंच म्हणाला. मी काही बोलणार तेवढ्यात, "आभार मानू नयेत. बसवून झाल्यावर बोलू." त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. आपल्या हाताने आपल्या मशीनचं पोट उघडलेला माणूस होता तो, मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण कर्वेनगरचा माणूस, कुठे मारणार मिठी. मी त्याला खुर्ची दिली.

आम्ही टायमर बसवायला बसतोय तोच उत्कर्षा आजी-आजोबांना घेऊन आली. पावणेदहाच झाले होते. कारखान्यातल्या माणसाला भोंग्याच्या आधी पोचायची सवय. नागोराव म्हणजे ठेंगणे, पांढरी टोपी, बोटं मात्र लांब आणि सरळ. दुर्गाबाई त्यांच्या मागे, काखेत पिशवी. नागोरावांनी कोणाला नमस्कार केला नाही. थेट शुभ्राजवळ गेले आणि तिच्या पत्र्यावर तळवा ठेवून उभे राहिले.

मग त्यांनी बटणाजवळ दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि माझ्याकडे वळले. "साहेब, दसऱ्याला पूजा करताव का हिची?"

मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या जमेची बाजू कोणी विचारली होती. "म्हणजे काय!" मी म्हणालो. "आज अडतिसावी. एक वर्ष खाडा नाही. स्वस्तिक इथे, बटणावर. मग हळदकुंकू आणि वरून चांगल्या मूठभर अक्षता."

नागोराव हसायला लागले. आधी हळू, मग खांदे गदगदा हलेपर्यंत. "अवो, कारखान्यात खंडेनवमीला आमी बी करायचो. पर फोरमनचा नियम होता. कुंकू पत्र्याला, अक्षता जमिनीला. मशीनवर तांदूळ टाकला की त्या दिवशीचा खाडा!" आणि त्यांनी हात पुढे केला. "पक्कड द्या."

"कान मूळचे आहेत," अभय कळवळून म्हणाला.

"माज्याच हातचे हायेत," नागोराव म्हणाले. "दिवसपाळीचे समदे टायमर मीच बंद करायचो. हे बगा, तीन सरळ दाबलेत आन एक तिरपा. माजा एक तिरपाच यायचा, फोरमन शिव्या द्यायचा."

अभय वाकला. चष्मा कपाळावर चढवून त्याने तो तिरपा कान पाहिला आणि पक्कड त्यांच्या हातात दिली. चार कान उघडायला नागोरावांना अर्धा मिनिटही लागलं नाही. डबी त्यांनी वर्तमानपत्रावर उलटी केली, आणि सबंध पार्किंगच्या देखत तिच्यातून तांदूळ पडले. लाल, पिवळे, काळे पडलेले, कुंकवात चिकटून खडे झालेले. बटणाच्या फटीतून एकेक करून गेलेली माझी सदतीस वर्षांची श्रद्धा. "खिचडी होईल एका माणसाची," सुशीलाबाई म्हणाल्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोटार नवी, कपॅसिटर नवा, तीन महिने अख्खी सोसायटी कामाला, आणि मशीन मारली कोणी? पुजाऱ्याने! हेमाकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. बघितलं तर ती पदराने तोंड झाकून हसत होती, आणि हसता हसता तिने सहावा हार शुभ्राच्या गळ्यात घातला. माझा हात सवयीने ताम्हनातल्या अक्षतांकडे गेला. नागोरावांनी मनगट धरलं. मी अक्षता जमिनीला वाहिल्या.

साफ केलेला आमचाच टायमर परत बसला. पाणी भरलं. आता धुवायचं काय, तर दुर्गाबाईंनी पिशवीतून एक खाकी शर्ट काढला. कारखान्याचा, कोपरावर ठिगळ, खिशावर पुसट झालेला नंबर. "बावीस वर्सं ह्यो शर्ट मी हातानं धुतला," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या मशिनीच्या तेलाचे डाग. आज ती मशीनच धुऊ दे." त्यांनी शर्ट टाकला. नागोरावांनी बटण धरलं आणि फिरवलं.

शुभ्रा आधी गुरगुरली. मग एकदा हिसका देऊन पाणी फिरायला लागलं, शर्टाची बाही वर आली, बुडाली, परत वर आली. पार्किंगमध्ये टाळ्या झाल्या. उत्कर्षा दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होती. नागोराव दोन्ही कोपरं काठावर टेकवून आत बघत राहिले. "फिरतंय," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "फिरतंय की गं." मला कोणी कॉलेजच्या निरोपसमारंभात रडताना पाहिलेलं नाही. पण त्या दिवशी मी रडलो, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

पिळून निघालेला शर्ट दुर्गाबाईंनी झटकला, उजेडात धरला आणि चौकशी समितीसारखा उलटापालटा करून पाहिला. "कॉलर ऱ्हायली की," त्या म्हणाल्या.

साडेअकराला नव्या मशीनचा टेम्पो आला. दोघं माणसं उतरली. "जुनी कुठली? हीच ना?" म्हणत एकाने शुभ्राला हातही घातला. मी छाती पुढे काढून म्हणणारच होतो, की चालू मशीन एक्सचेंजमध्ये देत नाहीत. त्याआधी हेमा म्हणाली, "ती आमची नाही. त्यांची आहे." आणि तिने दुर्गाबाईंकडे बोट केलं.

खरं सांगतो, मला ती सोडवत नव्हती. तीन महिने मी त्या मशीनपायी फळ्यावर चढलो होतो, उमेदवारी केली होती, आणि आज कुठे ती फिरली होती. "नको, नको," नागोराव मागे सरकले. पण त्यांचा हात अजून पत्र्यावरच होता, आणि तो काही मागे सरकत नव्हता. मी तो हात पाहिला. "हेमा बरोबर बोलतेय," मी म्हणालो. "आम्ही फक्त सांभाळत होतो."

दुर्गाबाईंनी लाजून विचारलं, "गावाकडं दिवसाला पाच-सा तासच लाइट असती. भागंल का?"

"भागेल," अभय म्हणाला. त्याने टॉवेलातला स्वतःचा टायमर उचलला आणि नागोरावांच्या पिशवीत ठेवला. "जादा असू द्या. गावाला मिळायचा नाही." मी म्हणालो, "अहो, मग तुमची शुभ्रा?" तो म्हणाला, "ती प्लायवूडखाली आहे. तिला कुठं जायचंय?" तनयाचा फोन येऊन गेला, एक्सचेंज रद्द का केलं म्हणून. हेमाने तिला "बरं" म्हणून फोन ठेवला. बाराला पाच मिनिटं असताना सुशीलाबाईंनी फळ्यावरची सूचना काढली. पट्टा मात्र परत मागितला नाही.

पंधरा दिवसांनी ग्रुपवर अ‍ॅडमिनची घोषणा आली: "सदस्यसंख्या आठ. नवीन सदस्य दुर्गाबाई. मशीन चालू असल्याने थेट सदस्यत्व." मी अजून उमेदवारच आहे, कारण माझ्याकडे आता मशीनच नाही. नवी आहे ती धुणं संपलं की गाणं म्हणते, तिला ग्रुपवर कोणी मशीन मानत नाही.

घोषणेखाली लगेच दुर्गाबाईंचा निरोप आला. आवाजी. मागे शुभ्राची घरघर, बायकांचा गलका, कोंबड्यांचा आवाज, आणि त्यावरून त्या ओरडून सांगत होत्या, "ऐकू येतंय का? कॉलर आदी हातानं घासायची, मग आत टाकायची, म्हंजी चांगली निघती. गल्लीतल्या समद्या बाया कपडे घिऊन आल्यात. ह्यांनी बटनापाशी खुर्ची टाकलीय, कुनाला हात लावू देत न्हाईत. साहेबांना सांगा, पूजा केली. अक्षता खालीच टाकल्या."

आवाजी निरोप नकोत हा ग्रुपचा दुसरा नियम. मी वाट पाहिली. अभयने तो निरोप पुसला नाही. संध्याकाळी बघतो तर त्याने नियमांच्या जागी तोच वर लटकवला होता.